पैठणचा पेशंट

गफूरभाई, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि तुमच्यावर चिडायचं की तुमची माफी मागायची, हे माझं अजून ठरत नाही. सकाळी दवाखान्यात येईपर्यंत मी चिडलेली असते. दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत गेले की माफी मागते, तीही मनातल्या मनात, कारण बाहेर पेशंट बसलेले असतात. परवा पडेगावला तुमच्या घरी जाऊन भाभींना भेटून आले, तेव्हापासून तर डोक्याचा पार भुगा झालाय. बावीस वर्षं मला काही समजेनासं झालं की मी "गफूरभाई" म्हणून हाक मारायची, तुम्ही "आलो मॅडम" म्हणायचात आणि हातातलं काम संपवूनच यायचात. त्याच सवयीनं हे लिहितेय.

लोक विचारतात, "चाचा गेले म्हणे?" आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की आता दवाखाना चालणार कसा हे मीच त्यांना सांगावं. मला कुठं माहीत आहे? मोठ्या सुया तुम्ही कुठल्या डब्यात ठेवत होतात हे शोधायला मला दोन दिवस लागले. ज्या डब्यात सापडल्या त्याच्यावर तुमच्या अक्षरात "लहान सुया" असं लिहिलंय. का लिहिलंय, ते कुणाला विचारू?

उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेऊन मी दवाखाना उघडला त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट तुम्ही इतक्या जणांना सांगितलीत की शेवटी ती तुमचीच झाली. फुलंब्रीकडचे एक आजोबा सुजलेला गुडघा घेऊन आले. माझ्याकडे बघून घेतलं, खोलीभर बघून घेतलं आणि तुम्हाला विचारलं, "डॉक्टर कवा येनार?"

"ह्याच डॉक्टर," तुम्ही म्हणालात.

"ह्या बाई? हाडाच्या?"

"व्हय. तुमच्या गुडघ्याला बाई चालत नसंल तर दुसरा गुडघा घेऊन या."

आजोबा इतके हसले की टेबलावर जाऊन आपणहून झोपले. मी आत रडकुंडीला आले होते, हे तुम्ही त्या गोष्टीत कधी सांगितलं नाहीत. हाडांची डॉक्टर बाई असते हे तेव्हा लोकांच्या पचनी पडत नव्हतं. एखादा पेशंट उठून निघायला लागला की तुम्ही दारात स्टूल टाकून बसायचात, आणि तुमच्या त्या देहाला ओलांडून जायची कुणाची टाप नव्हती. मी ह्याबद्दल तुमचे आभार मानले नाहीत. तुम्हाला आभार मानलेलं आवडायचं नाही, असं मी सोयीनं ठरवून टाकलं होतं.

गुडघ्यातलं पाणी काढणं हे तसं मोठं काम नाही. वाटीच्या बाजूला बोटानं जागा चाचपायची, आयोडीननं पुसायचं, बधिर करायचं, सुई आत सरकवायची आणि सिरिंज हळूहळू मागं ओढायची. हात बसलेला असेल तर पाच-सात मिनिटांचं काम. अवघड असतं ते पेशंटला तेवढी मिनिटं निपचित ठेवणं, आणि ते खातं तुमच्याकडे होतं. तुम्ही घोटा धरायचात आणि विचारायचात, "गाव कोणतं?" मग, "तिथून एसटी कुठं बदलता? सिल्लोडला की फुलंब्रीला? आणि पूल झाला का तो?" माणूस मनानं गावाच्या रस्त्याला लागायचा आणि माझी सुई आत गेलेली असायची. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पुढं पुढं तर मी सुई हातात घेऊन तुमच्या प्रश्नाची वाट बघायला लागले. तुम्ही पुलापर्यंत पोचलात की मी टोचायची.

आणि मग आपलं ते भांडण. सिरिंज भरली की ती माझ्या हातातून घेऊन तुम्ही खिडकीपाशी उजेडात धरायचात आणि पेशंटला दाखवायचात. "बघा. एवढं साठलं होतं आत. बघून घ्या नीट." मी किती वेळा सांगितलं की गफूरभाई, ह्याची गरज नाही. एकदा बघितलं की दर महिन्याला येऊन म्हणतात, बाई, पाणी काढा. घाबरतात. एक बाई तर भोवळ येऊन पडली होती, तिला उचलायला आपण दोघं लागलो होतो. तुम्ही मात्र हेका सोडला नाहीत.

"मॅडम, त्याच्या अंगातलं हाय. त्यानं बघायला नको?"

"बघून काय करणार तो?"

"काय करायचं ते त्याचं तो बघंल. आपण लपवायचं कशाला?"

ह्यावरून आपण वर्षानुवर्षं वाद घातला. मी चिडले की तुम्ही दोन दिवस दाखवायचं बंद करायचात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी उभे. मला वाटायचं, ह्या माणसाला थोडा तमाशा आवडतो. तसा तो आवडायचाही तुम्हाला, नाही म्हणू नका. पण पाणी बघितलेला पेशंट जाताना पायावर जरा विश्वासानं भार टाकायचा, हेही मी बघत होते आणि तुमच्यापुढं कबूल करत नव्हते.

ह्या उन्हाळ्यात तुमचा डावा गुडघा सुजला. तुम्ही महिनाभर पत्ता लागू दिला नाहीत. मी गुडघे बघून पोट भरणारी बाई, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा कंपाउंडर लंगडतोय हे मला दिसलं नाही. स्टूल घेऊन बसायचं प्रमाण वाढलं होतं, ते मी वयावर टाकलं. शेवटी एका मंगळवारी तुम्हाला पायरी उतरता येईना, तेव्हा मी रागावून तुम्हाला टेबलावर झोपवलं. घोटा धरायला कुणी नव्हतं. "माझा मीच धरतो," असं म्हणून तुम्ही खरंच हात पोचतो का ते बघितलंत. सुई हातात घेऊन मी विचारलं, "गफूरभाई, गाव कोणतं?"

"मॅडम, हे माझ्यावर नका चालवू," म्हणालात आणि हसलात. हसता हसता सुई गेली.

सिरिंजमध्ये पहिले थेंब आले आणि माझा हात थांबला. झिजलेल्या गुडघ्यातलं पाणी पिवळसर असतं, स्वच्छ असतं, पलीकडची बोटं दिसतात. हे काळ्या चहासारखं होतं. मी विचारलं, पडलात का कुठं? नाय. मार लागला? नाय. रक्त पातळ करायची गोळी कुणी दिलीय? कशाला देईल? मी बाकीचं काढलं, सुई बाहेर घेतली, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि वर गॉजची घडी टाकली.

"दाखवा की मॅडम."

"काय दाखवायचं त्यात. साधं झिजेचं पाणी."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि पंख्याकडे बघत पडून राहिलात.

त्या "बरं"वर मी तेव्हाच थबकायला हवं होतं. ह्या विषयावर बावीस वर्षांत तुम्ही मला एकदाही बरं म्हणाला नव्हतात. पण मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हजारो सिरिंजा लोकांना दाखवणाऱ्या माणसाची सिरिंज मी झाकली आणि त्यानं झाकू दिली. तुम्ही घाबरला होतात का? की माझ्या तोंडाकडे बघूनच तुम्हाला कळलं होतं, आणि मला अडचणीत टाकायला नको म्हणून बरं म्हणालात? मी हे रोज उलटसुलट करून बघते आणि रोज वेगळंच उत्तर येतं.

तुम्हाला बर्फाची पिशवी लावून आतल्या खोलीत झोपवलं आणि मी नमुना बाटलीत भरून लॅबची चिठ्ठी लिहायला घेतली. नावाच्या रकान्यापाशी पेन अडलं. संध्याकाळी लॅबमधून सगळे कागद घेऊन येणारे तुम्हीच, केसपेपरला लावणारे तुम्हीच, आणि "वाचू नका" असं सांगूनही वाचणारे तुम्हीच. मी लिहिलं, अंबादास पवार, पैठण. नाव कुठून सुचलं देव जाणे. पैठण सुचलं ते तुमच्या आधीचा पेशंट पैठणचा होता म्हणून. वय तुमचंच लिहिलं, कारण खोटं लिहायची मला सवय नाही आणि एका वेळी किती खोटं लिहायचं ते समजलं नाही. बाटली घेऊन मी स्वतः रस्ता ओलांडून लॅबमध्ये गेले. लॅबच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही? चाचा कुठंयत?" मी म्हटलं, कामात आहेत.

माझा बेत असा होता की तो कागद आला की हळूच बाजूला काढायचा. पण ज्याचा केसपेपर नाही असा रिपोर्ट तुम्ही कधी गप्प बसून फाइलला लावला आहे का? एवढी वर्षं एकत्र काम करून ही चूक फक्त मीच करू शकते. कागद आपोआप माझ्या टेबलावर येतात असंच मला वाटत आलं होतं. ते येताना कुणाच्या हातातून येतात ह्याचा विचार करायची वेळ तुम्ही माझ्यावर येऊ दिली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही कागद घेऊन माझ्यासमोर उभे.

"मॅडम, हा अंबादास पवार कोण?"

"पैठणचा. तुम्ही बर्फ लावून पडला होतात तेव्हा आला होता."

"केसपेपर नाय त्याचा."

"घाईत राहिला."

"मोबाईल नंबर?"

"नाही घेतला."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं शाळेत दप्तर विसरून आलेल्या पोरीकडे बघतात. मग कागद माझ्यापुढं ठेवलात. "पेशी बरोबर नाहीत म्हणतोय. पुढचा तपास लगेच करा म्हणतोय. मॅडम, ह्या माणसाला कळलं पायजे. लई उशीर व्हायला नको."

मी म्हटलं, बघते.

गफूरभाई, त्या एका शब्दावर मी दहा दिवस काढले. रोज सकाळी दवाखाना झाडून, औषधं लावून, पहिला पेशंट आत सोडायच्या आधी तुम्ही विचारायचात, "त्या पवारला सांगितलं का?" मी म्हणायची, बघते. एकदा सुटका करून घ्यायला म्हटलं, फोन लागत नाही त्याचा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नंबरच नाय कागदावर. लागंल कुठून?" मी तोंड फिरवून एक्सरे बघत बसले, तो उलटा लावला होता. पैठणहून येणाऱ्या आपल्या तिघा-चौघा पेशंटना फोन लावून तुम्ही विचारलंत, तुमच्याकडं कुणी अंबादास पवार हाय का, डाव्या गुडघ्याचा. मला तुमचा आवाज आत ऐकू यायचा. इतक्या काळजीनं विचारत होतात की मीही क्षणभर त्या पवारची काळजी करायला लागायची.

आणि मी जेव्हा जेव्हा म्हणायची, "गफूरभाई, तुमच्या गुडघ्याचा एमआरआय करून घेऊ, मी बोलते सेंटरला," तेव्हा तुमचं उत्तर ठरलेलं. "माझं काय मॅडम, साधं झिजेचं पाणी. आधी त्या माणसाचं बघा."

आता सांगा, हा टोमणा होता की नाही? तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. पण तुमचा चेहरा तसाही कधी हलायचा नाही. पेशंटची फजिती करतानासुद्धा तुम्ही असेच मख्ख असायचात.

मी का सांगितलं नाही? मी रोज माणसांना तोंडावर सांगते की ऑपरेशन लागेल, पाय सरळ होणार नाही, मांडी घालून बसणं आता विसरा. माझी जीभ कधी अडखळत नाही. उलट बाई फटकळ आहे अशीच माझी ख्याती आहे. तुमच्यापुढं मात्र अडखळली. मी स्वतःला समजावत होते की नुसत्या पाण्याच्या रिपोर्टवर घाबरवायचं कशाला, आधी एमआरआय होऊ दे, तुकडा काढून तपासू दे, मग बोलू. डॉक्टर म्हणून हे कुणालाही पटेल. मला पटत नाही. दुसरा कुणी पेशंट असता तर मी त्याच संध्याकाळी समोर बसवून सांगितलं असतं. खरं एवढंच की तुम्ही खचलेले मला बघवले नसते. तुम्ही स्टुलावर बसला नाहीत तर माझा दवाखाना मला ओळखीचा वाटत नाही. ही माया होती की निव्वळ माझी सोय, ते मला अजून सांगता येत नाही.

मग एका सोमवारी तुम्ही विचारलं नाहीत. झाडलोट झाली, औषधं लागली, पहिला पेशंट आत आला आणि पवारचं नाव निघालं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते हेच. मला वाटलं, कंटाळले. नाद सोडला. त्या तीन दिवसांत तुम्ही माझ्याशी नेहमीपेक्षा जरा मऊ बोलत होतात. बुधवारी माझ्यासाठी बाहेरून भजी आणलीत आणि डॉक्टरनं तेलकट खाऊ नये असं सांगत अर्धी स्वतः खाल्लीत. मी मनाशी ठरवलं होतं की शनिवारी गर्दी कमी असते, शनिवारी बसवून सगळं सांगायचं.

तुम्ही गुरुवारी गेलात. दवाखान्याला निघताना बूट घालायला वाकलात ते उठलाच नाहीत. मी पोचले तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय बंद पडलं होतं. त्या गुडघ्याचा ह्यात काही संबंध नव्हता, हे मी कुणालाही खात्रीनं सांगेन. म्हणजे मी लपवलं त्यानं तुमचं आयुष्य एका दिवसानंही कमी झालं नाही. आणि सांगितलं असतं तर एका दिवसानंही वाढलं नसतं. मग मला इतकं का लागून राहिलंय? जे घडणार होतं ते घडलंच नाही, त्याच्याबद्दलचं खोटं तेवढं माझ्यापाशी शिल्लक राहिलं. त्याचं करायचं काय, हे मला कळत नाही.

तुमच्या मागं चार-पाच दिवसांनी मी लॅबमध्ये गेले. बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "गफूरभाई तुमच्याकडे त्या पवारच्या रिपोर्टबद्दल काही विचारायला आले होते का?"

"आले होते ना," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी बघायला मागत होते, त्याच्यावर तरी पत्ता आहे का म्हणून. मी दाखवली. म्हटलं चाचा, मॅडमनीच स्वतः आणून दिलं होतं हे."

"मग?"

"मग काही नाही. वाचत बसले जरा वेळ. चिठ्ठी परत दिली. हसले आणि गेले."

"कधी आले होते?"

त्यांना आठवेना. आठवडा झाला असेल म्हणाल्या, मग म्हणाल्या, नाही, रिपोर्ट दिला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बहुतेक. मी त्यांना इतकं खोदून विचारलं की त्या माझ्याकडे चमत्कारिक बघायला लागल्या. चिठ्ठीवर माझं अक्षर होतं, तुमचं वय होतं, डावा गुडघा होता आणि मंगळवार होता. तुम्ही माणसाच्या चालीवरून त्याचा गुडघा ओळखायचात. तुम्हाला ते कळायला किती वेळ लागला असेल? पण मग तिसऱ्या दिवशी कळलं असेल तर उरलेला आठवडाभर मला रोज सकाळी विचारत होतात ते काय होतं? माझी परीक्षा? की मला सांगायला सोपं जावं म्हणून रोज दार उघडून देत होतात आणि मी रोज उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरत होते? असं असेल तर मी तुमची माफी मागते. आणि असं असेल तर मी चिडलेही आहे, कारण सरळ म्हणायचं होतं, मॅडम, हा कागद माझा आहे. एवढ्या वर्षांत मला तोंडावर बोलायला तुम्ही कधी भ्यायलात?

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा पडेगावला गेले. बायकांची येजा कमी झाली होती. भाभी आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या, मला शेजारी बसवून घेतलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तुम्ही घरी माझी नक्कल करायचात हे मला परवा कळलं. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या पैठणच्या माणसाचं काय झालं?"

कोणता माणूस, म्हटलं.

भाभींनी जे सांगितलं ते असं. शेवटच्या त्या रविवारी तुम्ही सकाळीच डबा घेऊन निघालात. गुडघा टम्म सुजलेला. भाभी अडवायला लागल्या तर म्हणालात, दवाखान्याचं काम हाय, एका पेशंटला निरोप द्यायचाय. एसटीनं पैठणला गेलात. तिथं स्टँडवर, चहाच्या टपरीवर, औषधांच्या दुकानात विचारत फिरलात. तीन अंबादास पवार सापडले. एक पैठणी विणणारे, एक मास्तर, आणि एकाचं शेत धरणाच्या बाजूला, तिथपर्यंत तुम्ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गेलात. तिघांचेही गुडघे ठणठणीत होते. मास्तरांनी तुम्हाला जेवायला बसवलं. संध्याकाळी घरी आलात तेव्हा पाय भोपळ्याएवढा झाला होता.

गफूरभाई, इथं माझं डोकं चालायचं थांबतं. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून गेलात, असं म्हटलं तर सोपं आहे. एका अनोळखी माणसासाठी तुम्ही तेवढं केलं असतं, ते तुमच्या स्वभावात होतं. पण मग लॅबमधली चिठ्ठी? ती बघून हसलात ते? मी रात्रंदिवस ह्याची जुळवाजुळव करतेय आणि मला एकच सुचतं, आणि ते सुचलं की मला काही करवत नाही. तुम्हाला माहीत होतं. आणि तरी तुम्ही गेलात, कारण मॅडम खोटं लिहीत नाहीत हे तुम्ही बावीस वर्षं लोकांना सांगत आला होतात. तेव्हा पैठणला असा कुणी माणूस असेलही, खरंच डावा गुडघा धरून बसलेला असेल, आणि तो सापडला तर तुमचा गुडघा साध्या झिजेचा ठरेल. तेवढ्या आशेवर तुम्ही दिवसभर त्या पायानं फिरलात. खरं की खोटं ते तुम्ही सांगणार नाही. मी मात्र ह्याच्यापुढं जाऊ शकत नाही.

"मग? आल्यावर काय म्हणाले?" मी भाभींना विचारलं.

"मी विचारलं, मिळाला का माणूस. तर म्हणाले, मिला. मी म्हटलं, सांगितलं का मग त्याला? तर म्हणाले, उसकू मालूमच था."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं, भाभींनी आतूनच थांबायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कौन था वो, मॅडम? आपलाच पेशंट ना?"

मला पुन्हा म्हणता आलं असतं, बघते. नाही म्हटलं. म्हटलं, "भाभी, असा कुणी माणूस नव्हता. तो कागद गफूरभाईंचाच होता. त्यांच्या गुडघ्यातून निघालं ते चांगलं नव्हतं. नाव मी बदललं होतं. मला सांगवत नव्हतं."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला उठा म्हणतील. दोन्हीची माझी तयारी होती. भाभी माझ्या हाताकडे बघत बसल्या, ज्या हातानं मी सुई धरते त्या. मग हळूच म्हणाल्या, "मतलब तुमकू मालूम था. उनकू मालूम था." पदर सारखा केला आणि मला नीट कळावं म्हणून असेल, पुढचं मराठीत म्हणाल्या. "रोज त्या गुडघ्याला मी तेल लावून चोळत होते, मॅडम. मलाच कुणी सांगितलं नाय."